पीएम किसानचे हप्ते अचानक थांबले, बँक आणि तलाठी एकमेकांकडे बोट दाखवतात. नेमकं कुठे जायचं?

वडिलांना आधीचे हप्ते मिळाले, मागचे दोन आले नाहीत, बँक म्हणते ‘आधार लिंक आहे’ आणि तलाठी कृषी कार्यालयात पाठवतात, असं तुम्ही लिहिलंय. कुठेही जाण्याआधी पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ उघडा. नोंदणी क्रमांक हाताशी नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधार क्रमांक टाकून तो मिळतो. त्या पानावर लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणं), ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आणि आधार-बँक सीडिंग (अनुदानासाठी आधारला बँक खातं जोडणं) या तीन ओळी दिसतील. जिच्यापुढे ‘नो’ आहे, तिच्यावरून कार्यालय ठरतं.

बँक ‘लिंक आहे’ म्हणते तरी तिसऱ्या ओळीत ‘नो’ असू शकतं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. खात्याच्या केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी अनुदानासाठी एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीत, बँक नोंदवणं वेगळं. मॅपरवर एका आधारमागे एकच बँक असते, शेवटी जिथे संमती दिली ती. वडिलांनी मध्यंतरी दुसरीकडे खातं उघडताना संमतीच्या फॉर्मवर सही केली असेल, तर पैसे त्या खात्यात गेलेले असू शकतात. ते खातं बंद असेल तर व्यवहार फेल होतो. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. बँकेचं नाव आणि जोडणी सुरू आहे की नाही, दोन्ही कळतं. मग हव्या त्या शाखेत ‘डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या अनुदानासाठी) आधार सीडिंग’ असं स्पष्ट सांगून संमतीचा फॉर्म भरा. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलंत तर पुन्हा केवायसीच होईल. शाखा दाद देत नसेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडणं सोपं पडतं.

ई-केवायसी सोपी आहे. मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर ओटीपीने, नसेल तर सीएससी केंद्रात अंगठ्याने. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत. त्यांच्यासाठी पीएम किसान ॲपमधला चेहरा ओळखण्याचा पर्याय वापरा.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर ताजा डिजिटल सातबारा, आठ-अ, आधारची प्रत आणि अर्ज घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. अर्जाची पोच घ्या, तिच्याशिवाय पाठपुरावा होत नाही. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर दुरुस्तीसाठी मात्र तलाठ्यांकडेच जावं लागतं. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो लागतो.

तिन्ही ओळी ‘येस’ असूनही पैसे नसतील तर पात्रता तपासणीसाठी नाव रोखलेलं असू शकतं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झाली असेल तर लाभ मिळत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन याला अपवाद. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब धरतात, त्यामुळे आई-वडील दोघांच्या नावे नोंदणी असेल तर एकच चालेल. मागच्या वर्षी आयकर भरला असेल, किंवा महिना 10,000 रुपये वा जास्त पेन्शन असेल (चतुर्थ श्रेणी कर्मचारी सोडून), तरीही अपात्र. अशा वेळी घेतलेले हप्ते परत मागितले जातात. ते परत करण्याची सोय संकेतस्थळावरच आहे.

त्रुटी दूर झाली की त्या कारणाने अडकलेले हप्तेही मिळतात, ते बुडत नाहीत. नव्या नोंदणीचं तसं नाही. ज्या चार महिन्यांच्या टप्प्यात नाव चढतं, तिथूनच हक्क सुरू होतो. म्हणून घरात वारस नोंद रखडली असेल तर ती आधी लावा. राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेच्या वर्षाच्या 6,000 रुपयांसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानची यादीच तिथे वापरतात, म्हणून इकडचं अडलं की तिकडचंही अडतं. तक्रारीसाठी हेल्पलाइन 155261.