अल्टो 800 घाटात मान टाकते म्हणून 35 हजारांचं पॅकेज? आधी टायरवरचे आकडे वाचा

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली. 2015 ची अल्टो 800, 62 हजार किलोमीटर झालेले. चौघं बसून वाईहून पाचगणीला निघालात की पसरणी घाटात तिसऱ्यात गाडी मान टाकते, दुसऱ्यात घातली तर नुसती ओरडते, आणि मागचे हॉर्न मारतात. आता एका दुकानदाराने 13 इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं), मोठे टायर, कोन फिल्टर (मूळ डब्याऐवजी लावायचा उघडा एअर फिल्टर) आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असं 35 हजारांचं पॅकेज सांगितलंय, तर घेऊ का, असा तुमचा प्रश्न आहे.

घेऊ नका. मी घेतलं होतं, रीमॅप सोडून सगळं. माझी 2013 ची अल्टो 800 आहे, अजून माझ्याकडेच आहे. मी कराडला राहतो, गाव चिपळूणजवळ. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून कुंभार्ली घाट ठरलेला. जाताना उतार, येताना पोफळीपासून खडी चढण, आणि येताना डिकीत तांदूळ, नारळ आणि हंगाम असेल तर दोन फणस. तुमच्या पोस्टमधलं "दुसरा फार खालचा आणि तिसरा फार वरचा वाटतो" हे वाक्य मी तेव्हा घरी जसंच्या तसं बोललो होतो.

ऑइल, एअर फिल्टर, प्लग वेळेवर बदलता असं धरून चालतो. त्याबद्दल लिहीत नाही.

माझं काय चुकलं ते सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथे गेले आणि मनस्तापही तिथेच झाला. गाडीचे मूळ टायर 145/80 आर 12, म्हणजे रुंदी 145 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के आणि रिम 12 इंची. दुकानदाराकडे 13 इंची अलॉयचा सेट पडून होता, त्यावर 155/80 आर 13 चे टायर चढवून दिले. गाडी उभी छान दिसायची. पहिल्याच फेरीत कुंभार्लीत ती पूर्वीपेक्षा जड झाल्याचं जाणवलं. पूर्वी जिथे तिसऱ्यात जायचो तिथे दुसरा टाकावा लागायला लागला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक आतल्या प्लास्टिकला घासायचं. मायलेजही कमी भरायला लागलं. नवीन टायर आहेत, सरावतील, असं दुकानदार म्हणाला आणि मीही ते मानलं.

मग एका सर्व्हिस सेंटरला दाखवलं. नाव लिहीत नाही, वाद नको. पहिल्या भेटीत थ्रॉटल बॉडी साफ केली. दुसऱ्या भेटीत प्लग बदलले आणि इंजेक्टर क्लीनिंग केलं. फरक शून्य. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या माणसाने गाडी न चालवताच सांगितलं, "सर, 800 सीसीची गाडी आहे, चढाला एवढंच जाणार. फार तर क्लच घासला असेल." आणि मी क्लच सेट बदलून घेतला. जुनी प्लेट मागितली तर ती "स्क्रॅपला गेली" होती. तिन्ही बिलं मिळून अलॉयपेक्षा जास्त खर्च झाला आणि गाडी तशीच. तीन भेटींत एकाही माणसाने चाकांकडे पाहिलं नाही, हे मला आजही सहन होत नाही. गाडीत काय बदल केलेत, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. गाडी स्वस्त म्हणून तक्रारही हलकी, असं वागवलं की फार लागतं. माझ्यासारख्यांसाठी ती घरातली एकमेव गाडी असते.

शेवटी पाटण रोडला एका छोट्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच कामासाठी थांबलो होतो. तिथल्या मिस्त्रींनी उकिडवं बसून टायरच्या बाजूचा चिखल अंगठ्याने पुसला आणि आकडे वाचले. मग डिकीतून स्टेपनी काढायला सांगितली. स्टेपनी मूळची, 12 इंची. ती त्यांनी पुढच्या चाकाला खेटून फरशीवर उभी केली. नवीन चाक तिच्यापेक्षा चांगलं दोन बोटं उंच होतं. मग एक चाक काढून दोन्ही शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. स्टेपनी साडेदहा किलोच्या आसपास, अलॉय जवळजवळ चौदा. मिस्त्री एवढंच म्हणाले, "इंजिनाला काय झालं नाय साहेब, त्याच्यावर वझं चढवलंय."

घरी येऊन हिशेब केला. 145/80 आर 12 चा व्यास साधारण 537 मिलिमीटर, 155/80 आर 13 चा 578. म्हणजे साडेसात टक्के मोठं चाक. चाक मोठं झालं की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते, आणि रस्त्यावर मिळणारी ओढ त्याच प्रमाणात कमी होते. प्रत्येक गिअर थोडा थोडा वरचा झाल्यासारखंच हे. दीड लिटरच्या गाडीला सात टक्के कळणारही नाहीत. या इंजिनाची ताकद 48 पीएस आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) 69 न्यूटन मीटर, यातून सात टक्के गेले की घाटात लगेच कळतं. त्यात चाकाचं वजन नुसतं वाहायचं नसतं, प्रत्येक वेळी वेग घेताना ते फिरवावंही लागतं. आणि स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी खरं तर 64-65 ने जात होती. किलोमीटरही कमी मोजले जात होते, म्हणून मायलेजचा निम्मा घोळ तर कागदावरचाच होता.

मूळ 12 इंची रिम परत चढवले, टायर नवीन घेतले, आणि गाडी परत माझी झाली.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही अजून काही बदललेलं नाही, तरी गाडी ओढत नाही. मग मी सर्वांत आधी ब्रेक बघेन. आठ-दहा किलोमीटर सरळ रस्त्यावर, ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चालवा. हळूच थांबवा, उतरा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, चटका बसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम लागलं तर तो ब्रेक धरून राहतोय. माझ्या गाडीत रिम परत बदलल्यावर हे सापडलं. पुढच्या डाव्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकून अडकत होत्या. साफ करून योग्य ते ग्रीस लावलं, काम अर्ध्या तासाचं. चढावर हँडब्रेक थोडा ओढलेला ठेवून गाडी चालवल्यासारखं ते इतके दिवस चाललं होतं. ब्रेकचं काम मात्र येणाऱ्याकडूनच करून घ्या. माझं वाचून घरी उघडू नका.

त्यानंतर टायरमधली हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, माणसं भरून जाताना कुठला हेही तिथेच किंवा मॅन्युअलमध्ये सापडेल. टायर थंड असताना भरायची. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा लावतो, त्याच्यावर सोडू नका. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही असते. 2318 असेल तर 2018 सालचा 23 वा आठवडा. तुमचे टायर गाडीबरोबर आलेलेच असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, बदला. त्याच मापाचे घ्या, चांगल्या कंपनीचे घ्या. पॅकेजपेक्षा कमी खर्च येईल आणि पावसाळ्यात घाटात त्याची किंमत कळेल.

हे सगळं ठीक निघालं तर उरतं चालवणं, आणि खरी मजा तिथेच आहे. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क 3500 आरपीएमला (मिनिटाला 3500 फेऱ्यांना) येतो आणि पूर्ण ताकद थेट 6000 ला. मायलेजसाठी आपण सगळे चाळीसच्या वेगाला टॉप गिअर टाकायला शिकलोय. सपाटीवर ते चालतं. घाटात त्याच सवयीने इंजिन कण्हायला लागतं, मग आपण अ‍ॅक्सिलरेटर अजून दाबतो, आणि काही होत नाही. या गाडीत आरपीएमचा काटा नाही, तेव्हा कान वापरा. घरघर, थरथर असा आवाज आला म्हणजे गिअर वरचा पडलाय. एकसारखा, चढा, मोकळा आवाज आला म्हणजे इंजिन खुशीत आहे. तुम्ही ज्याला "ओरडते" म्हणताय तो बहुतेक तिचा खरा कामाचा आवाज आहे. इंजिन गरम झालेलं असेल, ऑइल आणि कूलंट बरोबर असेल, तर दुसऱ्यात मोकळं फिरल्याने त्याला काही होत नाही. वरच्या गिअरमध्ये कण्हत ओढण्यात त्याचे जास्त हाल होतात.

पसरणीच्या वळणांवर असं करून बघा. वळण दिसलं की आधीच वेग कमी करा आणि वळणात शिरायच्या आधी दुसरा टाका. वळणाच्या मध्यावर गिअर शोधत बसायचं नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून ठेवा आणि पुढचा सरळ रस्ता दिसायला लागला की पूर्ण द्या. दुसऱ्यात आवाज भरू द्या, आणि पुढे तेवढा रस्ता मोकळा असेल तरच तिसरा. शंका असेल तर दुसऱ्यातच राहा. कमी ताकदीच्या गाडीत गेलेला वेग परत मिळवणं महाग पडतं, म्हणून सगळं कसब तो न घालवण्यात आहे. दोन वळणं नीट जुळली, ब्रेक कमी लागला आणि गाडी एका लयीत वर गेली, की मिळणारा आनंद मला तरी मेव्हण्यांच्या टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) असलेल्या गाडीत मिळाला नाही. तिच्यात पाय दाबला की झालं. अल्टोत चाळीसच्या वेगातही आपल्याला काम असतं, आणि ते सगळं कायद्याच्या मर्यादेत.

ओव्हरटेकबद्दल माझं मत कडक आहे. चढावर, चार माणसं असताना, समोर एसटी असेल तर तिच्या मागे राहा. जायचंच असेल तर आधी गिअर खाली, मग अंतर ठेवून वेग, आणि पलीकडचा रस्ता पूर्ण दिसत असेल तरच बाहेर. या गाडीत मध्येच विचार बदलून जोर लावता येत नाही. मागच्याने हॉर्न मारला तर जागा मिळेल तिथे डावीकडे घ्या आणि त्याला जाऊ द्या.

थोडा हिशेब वजनाचाही करा. रिकामी गाडी सातशे किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान म्हणजे तीनशे किलो, वजन चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. शिवाय पाचगणी सुमारे 1300 मीटर उंचीवर. विनाटर्बो इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते, हवा विरळ म्हणून. म्हणजे वर पोचेपर्यंत 48 चे 42 झालेले असतात. त्यात एसी. खड्या टप्प्यात पाच-सात मिनिटं एसी बंद करून काचा उघडा, फरक लगेच कळेल. डिकीतला कायमचा पसारा काढा. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नका, वजन वाचवायचं म्हणून काही जण काढतात, तो वेडेपणा आहे. आणि उतरताना न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा, ब्रेक तापणार नाहीत.

राहिला कोन फिल्टर आणि रीमॅप. कोन फिल्टर मी सहा महिने वापरला. आवाज वाढतो, म्हणून गाडी पळतेय असं वाटतं. मूळ डबा काढला की तो फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ, म्हणजे ज्यासाठी लावला त्याच्या उलट. आपल्याकडच्या धुळीत तर मूळ कागदी फिल्टरच बरा. रीमॅप मी केलेला नाही, त्यामुळे अनुभवाने बोलत नाही. पण टर्बो असलेल्या इंजिनात दाब वाढवून ताकद काढता येते, इथे टर्बोच नाही. 796 सीसीमध्ये हवा मावेल तेवढीच मावणार. त्यासाठी एवढे पैसे मी देणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली मूळ गाडीत मनाजोगे बदल करायला परवानगी नाही, आणि विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलावरून दावा अडू शकतो. मी काही वकील नाही, पण अपघातानंतर हा वाद कोणालाच नको.

मी मेकॅनिक नाही. एकाच गाडीचा दहा-अकरा वर्षांचा अनुभव लिहिलाय. तुमच्या गाडीत कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी झालेलं असू शकतं, क्लच खरोखर घासलेला असू शकतो. क्लचची शंका असेल तर चढावर चौथ्यात पाय दाबून बघा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आवाज आणि वेग दोन्ही वाढत नसतील, तर क्लच ठीक आहे, तो बदलून घेऊ नका. आणि कुठलाही भाग बदलला तर जुना भाग हातात घेतल्याशिवाय बिल भरू नका.

दुकानदाराला ॲडव्हान्स दिला नसेल तर आज देऊ नका. रविवारी चाकांना हात लावून बघा, मग टायरवरच्या आकड्यांचा, दाराजवळच्या स्टिकरचा आणि चारही रिमचा फोटो इथे टाका. कुठलं चाक गरम लागलं तेही लिहा, डावं-उजवं सांगायला विसरू नका.