लोन की पॉलिसी ते नंतर बघू, आधी गाडी कोणती घेतलीये ते तरी बघा

वाचक ५२ वर्षांचे आहेत. त्यांनी १९६७ ची दोन दारांची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो घेतलीये आणि आता तिच्यात मॉडर्न इंजिन, बाहेरून मॅट ब्लॅक, आतून सगळं नवं असं करायचंय. खर्च गाडीच्या किमतीच्या दीडपट. विचारलंय एवढंच, की १२ टक्क्यांनी पाच वर्षांचं लोन घेऊ का दोन वर्षांपूर्वीची एंडोमेंट पॉलिसी मोडू. आणि मग शेवटी जाता जाता: इंजिन नंबर कागदांशी जुळत नाही पण टायपिंग मिस्टेक असेल, आणि डीलर म्हणतो दहा वर्षांत तिप्पट होईल, तेव्हा तोच रिटायरमेंट फंड.

अहो, पत्र खरं त्या शेवटच्या दोन ओळींचंच आहे!

आधी तिप्पटचा हिशोब करून टाकू. गाडी १०० ला घेतली असं धरा. काम १५०, त्यावरचं व्याज साधारण ५०. झाकून ठेवायची जागा, विमा, सर्व्हिसिंग मिळून वर्षाला ६ धरले (जुन्या शॅडोला हे कमीच आहेत) तर दहा वर्षांचे ६०. एकूण गेले ३६०. डीलरचं स्वप्न शंभर टक्के खरं झालं तरी हातात येणार ३००. म्हणजे सगळं मनासारखं होऊनही ६० चा खड्डा, आणि हा म्हणे रिटायरमेंट फंड. बरं ते तिप्पट तरी कोणत्या गाडीचं, ओरिजिनलचं का मॅट ब्लॅकचं, हे विचारलंत का त्याला?

आता दोन दारं. नेहमीची शॅडो कारखान्यातून चार दारांची यायची. त्या काळातली दोन दारांची म्हणजे बॉडी वेगळ्या कंपनीने बांधलेली: एकतर मलिनर पार्क वॉर्डची, जिला पुढे १९७१ मध्ये कॉर्निश नाव मिळालं, नाहीतर जेम्स यंगची, आणि जेम्स यंगने त्याच बांधणीच्या बेंटली धरून जेमतेम ५० केल्या. बाजूने बघा: मलिनरच्या गाडीत खिडकीखालची रेघ मागच्या चाकाजवळ वर उचलली जाते, जेम्स यंगची सरळ जाते. तिसरी शक्यता म्हणजे कुणीतरी चार दारांची कापून दोनची केलीये. या तिन्हींचे भाव एक नाहीत, आणि तुम्ही तिन्हींवर तोच रंग मारायला निघालाय.

हे कळायला फार खर्चही नाही. चासी नंबरच्या सुरुवातीच्या अक्षरांतच मॉडेल आणि स्टिअरिंग डावं का उजवं हे असतं. पुढचं रेकॉर्डमध्ये: इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबच्या हंट हाउसमधल्या अर्काइव्हमध्ये जुन्या गाड्यांचे कागद सांभाळलेले आहेत, त्यातून मूळ रंग, आतलं लेदर, पहिला मालक, डिलिव्हरी कधी, असलं निघतं. १५० खर्चायच्या आधी यावर १ जरी गेला तरी स्वस्त.

इंजिन नंबर न जुळणं ही टायपिंग मिस्टेक असूही शकते, मी नाही म्हणत नाही. पण इंजिन बदललेलं असेल तर किंमत पडते, आणि गाडीच चोरीची किंवा कुणाचं लोन बाकी असलेली निघाली तर रिस्टोअर केलेली गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहील. ते मिटेपर्यंत एक पैसा घालू नका. आणि मॉडर्न इंजिनाचं म्हणाल तर शॅडोच्या ब्रेकला प्रेशर देणारे दोन पंप मूळ इंजिनाच्याच कॅमशाफ्टवर चालतात. इंजिन काढलंत की ब्रेकची सगळी सिस्टिमच नव्याने उभी करावी लागणार, वर्कशॉपच्या कोटेशनमध्ये ते आहे का? मला नाही वाटत.

विमा घेताना गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घेतात तसलाच घ्या, आणि काहीही बदल केलात तर कंपनीला कळवा.

राहिली पॉलिसी. विमाही बचतही असली खिचडी ५० व्या वर्षी गळ्यात मारणाऱ्याला काय म्हणावं! दोन हप्त्यांवर सरेंडर केली तर हातात फार काही येणार नाही, तरी पुढचे सगळे हप्ते भरण्यापेक्षा बहुतेक तेच बरं, सरेंडर व्हॅल्यूचा आकडा लेखी मागवा आणि मला पाठवा. जे मिळेल ते खऱ्या रिटायरमेंट फंडात, गाडीत नाही. लोन तर नाहीच.

आणि वर्कशॉपला आजच फोन करा. रंग खरवडायला घेतला असेल तर थांबवा, डिकीत आणि कार्पेटखाली जुन्या रंगाचे थर असतील तर रेकॉर्डशी ताडून बघायला तेवढंच हातात आहे.