दोन वेगळ्या भाषांत स्पेलिंग सेम पण अर्थ आणि मूळ दोन्ही वेगळं, असे शब्द खरंच असतात का? म्हणजे हिंदी-मराठीतल्या 'शिक्षा'सारखे?

असतात, आणि ढीगभर असतात, पण आधी एक चाळणी लावा नाहीतर यादीत भलतंच काहीतरी घुसतं. तुम्ही प्रश्नात दिलेलं 'शिक्षा' (हिंदीत शिक्षण, मराठीत दंड) यात बसत नाही, कारण तो एकच संस्कृत शब्द आहे, दोन्हीकडे गेला आणि अर्थ बदलला, बास. 'चेष्टा'चं पण तेच. तुम्हाला हवेत ते ज्यांचं एकमेकांशी कसलंच नातं नाही असे.

त्यासाठी लांब कशाला जायचं, शेजारची कन्नड घ्या. आपली मराठी संस्कृत-प्राकृताकडून आलेली, कन्नड द्राविडी, म्हणजे घराणंच वेगळं. कन्नडमध्ये 'केळि' म्हणजे ऐका किंवा विचारा. 'कोळि' म्हणजे कोंबडी. 'मर' म्हणजे झाड. 'मग' म्हणजे मुलगा, बेंगळुरूत तर मित्र एकमेकांना पण 'मगा' म्हणतात, आपण 'भावा' म्हणतो तसं. जत, अक्कलकोट साइडला ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांना यात काही नवल नाही, पण मराठी माणसाला पहिल्यांदा कोणी केळि, केळि म्हणालं तर तो फळवालाच शोधणार.

आता काटेकोर बघायचं तर केळि, कोळि ची वेलांटी कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि आपल्याकडे नियमाने दीर्घ, त्यामुळे कोणीतरी कमेंटमध्ये हुज्जत घालेलच. 'मर' आणि 'मग' मात्र देवनागरीत लिहिले की अक्षरशः तेच, फक्त बोलताना आपण शेवटचा अ खातो, ते खात नाहीत.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे 'हत्ति'. कन्नडमध्ये याचा अर्थ कापूस! आपला हत्ती आला संस्कृत हस्तिन् वरून, म्हणजे त्यातला ह पहिल्यापासून होताच. कन्नडमधला ह नंतरचा आहे, जुन्या कन्नडमध्ये बऱ्याच शब्दांच्या सुरुवातीला प होता त्याचा पुढे ह झाला, म्हणून तमिळमधलं दूध 'पाल' आणि कन्नडमधलं 'हालु', तमिळमधले दहा 'पत्तु' आणि कन्नडमधले 'हत्तु'. कापसाचं पण तसंच, तेलुगूत अजून 'पत्ति' आहे, तमिळमध्ये 'परुत्ति'. म्हणजे एकेकाळी हे दोन शब्द सारखे नव्हतेच, प चा ह झाला आणि कापूस जाऊन हत्तीला धडकला. मूळ वेगळं आहे का हे ओळखायची पद्धत पण हीच, एकटा शब्द बघायचा नाही, त्याची भावंडं बघायची. व्हॉट्सॲपवर जे 'अमुक भाषा मराठीतूनच निघाली' टाइपचे फॉरवर्ड फिरतात ते नेमकं हेच करत नाहीत.

हे होतं का तर भाषेत आवाज मोजकेच असतात आणि शब्द दोन-तीन अक्षरी असले की टक्कर होणारच. त्यात मराठी-कन्नड शेजारी, दोघींकडे ळ, दोघींकडे ण, म्हणून जास्तच. तमिळमधलं ते 'पाल' म्हणजे दूध, आपली पाल तुम्हाला माहितीये, आणि तिकडे 'नाय' म्हणजे कुत्रा. रोमन लिपीतली हवी असतील तर हंगेरियनमध्ये एफ-ओ-जी म्हणजे दात आणि एन-ए-पी म्हणजे सूर्य किंवा दिवस, इंग्रजीतलं धुकं आणि डुलकी यांच्याशी काडीचा संबंध नाही.

उलटं पण असतं. अर्थसुद्धा सेम असेल तर आपण लगेच उसना शब्द समजतो, आणि शेजारी भाषांत ते बहुतेक वेळा खरंच असतं, 'अक्का', 'अण्णा' आपल्याकडे तिकडूनच आलेत. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये म्बाबाराम नावाची एक आदिवासी भाषा होती, 1960 च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ ती बोलणाऱ्या शेवटच्या काही माणसांकडून शब्द लिहून घेत होते, आणि त्या भाषेत कुत्र्याला शब्द निघाला 'डॉग'. कोणालाही वाटेल गोऱ्यांकडून घेतला असणार. तर नाही, मूळ शब्द 'गुडागा', त्यातली पुढची-मागची अक्षरं त्या भाषेच्या नियमाप्रमाणे झिजून डॉग उरलं, इतर शब्द पण तसेच झिजलेत. आणि त्याच भागातल्या यिडिन भाषेत कुत्र्याला शब्द आहे 'गुडागा'.