मोटरसायकल क्लबमध्ये किलोमीटरची स्पर्धा घ्यायची आहे, भांडणं न होता कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की साठेक जणांचा क्लब आहे, मोसमभरात कोण जास्त गाडी चालवतो याची हलकीफुलकी स्पर्धा घ्यायचीय, आणि आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा ते कळत नाही. आमच्या क्लबात हे काम चार मोसम माझ्या गळ्यात आहे. त्यातला पहिला मोसम वाईट गेला, तो का ते पुढे सांगतो.

आधी नाव बदला. ‘मायलेज स्पर्धा’ म्हटलं की निम्म्या लोकांना लिटरमागे गाडी किती देते तेच वाटतं. आमच्याकडे एक गृहस्थ शेवटच्या दिवशी पेट्रोलच्या पावत्या चिकटवलेली वही घेऊन आले. सहा महिने दर वेळी टाकी फुल्ल करून ॲव्हरेज काढलेलं, तेही दशांशापर्यंत. त्यांना काय सांगणार! सरळ ‘किलोमीटरची स्पर्धा’ म्हणा.

ढाचा अगदी साधा ठेवा. सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, वजाबाकी. अमेरिकेतल्या बीएमडब्ल्यू मोटरसायकल मालकांची संघटना एप्रिल ते ऑक्टोबर अशी स्पर्धा घेते, तिचाही गाभा एवढाच. मोबाइल ॲपवरच्या नोंदी मागू नका. बोगद्यात सिग्नल जातो, कुणाची बॅटरी संपते, आणि मग ‘माझे ४० किलोमीटर कुठे गेले’ यावर तुमची संध्याकाळ जाते. नुसता मीटरचा फोटोही पुरत नाही, कारण मीटर कुणाच्याही गाडीचा असू शकतो. आम्ही दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतो: नंबरप्लेटपासून सुरुवात, मध्ये कट न करता मीटरपर्यंत. ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत त्याने सगळ्यांचं रीडिंग पहिल्याच दिवशी द्यायचं, बेरीज धरायची. मीटर मैलांचा असेल तर १.६०९ ने गुणा. मोसमात मीटर बदलावा लागला तर काढण्याआधी आणि बसवल्यावर, दोन्ही रीडिंग.

फसवणूक? ज्या गाड्यांचा मीटर मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून आकडा घेतो, त्या मेन स्टँडवर लावून गिअर टाकला की जागच्या जागी किलोमीटर वाढतात. जुन्या, केबलवाल्या मीटरला तर ड्रिल मशीनही चालतं. पण ५० च्या वेगाने ५०० किलोमीटर ‘पळवायला’ दहा तास इंजिन तापवत बसावं लागेल. बक्षिसात मिळणाऱ्या चेनच्या स्प्रेच्या डब्यासाठी कुणाला एवढं करायचं असेल तर खुशाल करू दे.

खरा घोळ प्रामाणिक आकड्यांतच असतो. टायर झिजतो तसा त्याचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच अंतराला चाक जास्त फिरतं. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची ५ मिलिमीटर नक्षी गेली तर व्यास ५९० उरतो, म्हणजे मीटर सुमारे पावणेदोन टक्के जास्त दाखवू लागतो. गिअरबॉक्सवरून आकडा घेणाऱ्या गाडीला वेगळ्या दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बसवलं तर फरक आणखी मोठा. म्हणून आमचा नियम: दोन टक्क्यांच्या आतला फरक म्हणजे बरोबरी. १२,००० आणि ११,८०० यांत कोण पुढे हे आमच्या मीटरांना खरंच माहीत नसतं.

आता पहिल्या मोसमाबद्दल. मी उत्साहाने दर आठवड्याला तक्ता बनवून ग्रुपवर टाकायचो. मजा यायची, चिडवाचिडवी चालायची. शेवटचे दहा दिवस उरले तेव्हा वरच्या दोघांत चुरस लागली आणि एका रात्री नऊच्या सुमाराला मी ग्रुपवर टाकलं, ‘फक्त २१० किलोमीटरचा फरक!’ दुसऱ्या नंबरवाला दिवसभर काम करून घरी आलेला होता. तो मेसेज वाचून पुन्हा बाहेर पडला. पहाटे डुलकी लागली, गाडी रस्ता सोडून खडीत गेली. मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. तो मला कधी काही बोलला नाही. मेसेज मात्र मीच टाकला होता.

तेव्हापासून तक्ता बंद. मधले आकडे फक्त माझ्याकडे, तेही कुणी आपणहून दिले तर. शेवटची तारीखही ठरलेली नसते. अखेरच्या महिन्यात दर रविवारी सगळे रीडिंग देतात, आणि महिना संपल्यावर चिठ्ठी काढून ठरतं की कोणत्या रविवारचा आकडा धरायचा. कोणता रविवार निघेल हे ठाऊकच नसल्यामुळे शेवटच्या रात्री धावपळ करण्यात अर्थ उरत नाही. तुम्ही बाकी काहीही बदला, एवढं ठेवा. ज्यांना सहनशक्तीच बघायचीय त्यांच्यासाठी आयर्न बट असोसिएशन ही लांब पल्ला मारणाऱ्या मोटरसायकलस्वारांची संघटना २४ तासांत १,००० मैलांचं, म्हणजे साधारण १,६१० किलोमीटरचं प्रमाणपत्र देते. ते त्यांनी स्वतंत्रपणे, तयारीनिशी करावं. क्लबच्या स्पर्धेत ‘एका दिवसात सर्वाधिक’ असलं बक्षीस घालू नका. शिवाय बऱ्याच विमा पॉलिसींत शर्यती वगळलेल्या असतात, त्यामुळे वेळेशी जोडलेलं काहीच नको.

तक्ता झाकल्यावर एक गंमत झाली. दुसऱ्या मोसमाला जिंकली ती एक नर्स, जिचा एकही राईडचा फोटो कुणी पाहिला नव्हता. कामावर जायला ४६ किलोमीटर, यायला तेवढेच, महिन्याला बावीस दिवस. सहा महिन्यांत १२,१४४ झाले, सहलीला न जाता. लांबच्या टूरवाले जरा गप्पच झाले.

‘मागच्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढ’ असा दुसरा गट ठेवला तर कमी चालवणाऱ्यांनाही रस राहतो. फक्त खालची मर्यादा घाला. आमच्याकडे ४०० वरून १,६०० वर गेलेला एक जण चौपट वाढ करून पहिला आला आणि सगळ्यांनी मला धरलं. आता मागच्या मोसमात किमान २,००० असतील तरच त्या गटात प्रवेश.

बक्षीस लहान ठेवा, वर लिहिलंच आहे: चेनच्या स्प्रेचा डबा. सर्वांत कमी किलोमीटरवाल्याला बॅटरी चार्जर मिळतो, कारण उभ्या गाडीची बॅटरी उतरते. तो फिरता आहे, पुढच्या वर्षी परत करायचा. सध्या माझ्याकडे आहे.