करवानीच्या अहवालातले बाण

प्रश्न : माझ्याकडे तीन वर्षांचा करवानी जातीचा कुत्रा आहे, शेऱ्या. केळीच्या बागेची राखण करतो. गावातल्या लॅबमध्ये त्याचं रक्त तपासलं : पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ५८, प्लेटलेट १ लाख ३० हजार, क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) १.७. तिन्हींपुढे बाण आहेत. ओळखीचे लोक म्हणतात, किडनी गेली. शेऱ्या मात्र नीट खातोपितो, पळतो. काय करावं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आधी अहवालातला ‘नॉर्मल’चा रकाना बघा. एमसीव्हीसमोर (म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० ते १०० छापलं असेल तर तो माणसांचा रकाना आहे. कुत्र्याची तांबडी पेशी लहान असते, तिचा एमसीव्ही साधारण ६० ते ७७. तालुक्याच्या गावी माणसांच्या लॅबमध्येच कुत्र्याचं रक्त जातं, त्यामुळे असे बाण मी रोज बघते.

पण रकाना कुत्र्यांचा असला, तरी शेऱ्याला तो तंतोतंत लागू होईलच असं नाही. करवानी ही वाऱ्यासारखं धावणाऱ्या कुत्र्यांची जात, ग्रेहाउंड आणि साळुकीच्या वळणाची. सर्वसाधारण कुत्र्याचा पीसीव्ही ३७ ते ५५. निरोगी ग्रेहाउंडचा ५० ते ६५ असतो. प्लेटलेट मात्र लाखाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि यांच्या अंगात मांस जास्त म्हणून तेही चढं. थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक सुद्धा कमीच निघतं, आणि तेवढ्यावरून थायरॉइडच्या गोळ्या सुरू केलेली कुत्री मी पाहिली आहेत. म्हणून एका क्रिएटिनिनवर ‘किडनी गेली’ म्हणू नका. सकाळची लघवी तपासून घ्या. तिचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत ती किती दाट) १.०३० च्या वर असेल, तर किडनी लघवी नीट घट्ट करते आहे.

पीसीव्हीचं आणखी एक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो, पण मग रक्तातली प्रथिनंही चढतात. फक्त पीसीव्ही चढा आणि प्रथिनं खालच्या अंगाला, तर ते जातीचं. घाबरलेल्या किंवा पळून आलेल्या कुत्र्याची प्लीहाही साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. त्याला सावलीत अर्धा तास बसू द्या, मगच सुई.

आता प्लेटलेट. इथे मला तुमची खरी काळजी वाटते. नोकरीच्या सुरुवातीला यावल तालुक्यात एक करवानी माझ्याकडे आला होता, प्लेटलेट ९० हजार. मालक म्हणाले, “हाऊ पयस बी, खास बी, मंग याले काय व्हयेल शे?” (हा पळतोही, खातोही, मग याला काय झालंय?) मीही ‘जातीचंच आहे’ म्हणून परत पाठवलं. आठ दिवसांनी त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं. गोचीड ताप होता, आणि तो कुत्रा वाचला नाही. कान उलटून गोचिडी बघायला मला दोन मिनिटं लागली असती. तेव्हापासून कमी प्लेटलेट दिसल्या की जात मी शेवटी धरते. आधी काचपट्टीवर रक्ताचा थर देऊन सूक्ष्मदर्शकातून बघायला लावते : प्लेटलेटचे गठ्ठे झालेत का (यंत्र गठ्ठे मोजत नाही), पांढऱ्या पेशींत एर्लिचियाचे, म्हणजे गोचीड तापाच्या जंतूंचे, पुंजके आहेत का. पुंजके दिसले नाहीत म्हणून ताप नाही असंही नव्हे. संशय असेल तर गोचीड तापाची वेगळी चाचणी करावी.

हा प्रकार एकट्या करवानीचा नाही. अकिता या जपानी जातीच्या काही कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम भरपूर असतं. रक्तातून सीरम (पेशींवेगळा पातळ भाग) वेगळं करायला उशीर झाला की हे पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि अहवाल भयंकर दिसतो.

शेऱ्याचं रक्त पंधरा दिवसांनी, उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये पुन्हा द्या. तो निरोगी ठरला तर हे दोन्ही कागद लसीच्या कार्डात जपून ठेवा. पुढे कधी आजारी पडला तर मी छापील रकान्याआधी त्याचे हेच आकडे बघेन. मधल्या काळात हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले, किंवा खाणं सुटलं, तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा.