साठीतल्या, शाकाहारी आई-बाबांना घेऊन सप्टेंबरात 8 दिवस अल्बानियाला जायचं आहे. तिराना, उत्तरेकडचे डोंगर आणि समुद्र, सगळं बसेल का?

बसेल, पण बसवू नका. तुम्ही सप्टेंबर म्हणताय, आई-बाबा साठीतले आणि शाकाहारी आहेत. मीही माझ्या आई-बाबांना सप्टेंबरातच नेलं होतं, म्हणून सांगते: उत्तरेकडचे डोंगर सोडा. थेथ ते व्हालबोना ही खिंडीतली वाट सुंदर आहे, पण दिवसभराची चढ-उतार आहे; ती तुम्ही पुन्हा कधीतरी एकट्याने करा. या वेळी फक्त तिराना आणि दक्षिण. तिरानाला एक रात्र, बेरातला दोन, जिरोकास्तरला दोन, समुद्रकाठच्या सारांदाला दोन.

तिकिटं काढण्याआधी व्हिसाचं बघा. अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमच्याकडे आधी वापरलेला, अजून चालू असलेला मल्टिपल एन्ट्री शेंगेन, अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही; नसेल तर ई-व्हिसा काढायचा. नियम बदलतात, निघण्याआधी एकदा खात्री करा. ग्रीसच्या कोर्फू बेटावरून सारांदाला बोटीने जाता येतं, पण शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्रीचा असेल तर परत ग्रीसमध्ये शिरता येत नाही. परतीचं विमान अथेन्सहून असेल तर पंचाईत होईल.

आता बेरात. ओसुम नदीच्या काठाने डोंगरावर एकावर एक चढत गेलेली, खिडक्याच खिडक्या असलेली पांढरी घरं, म्हणून याला हजार खिडक्यांचं गाव म्हणतात. वरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. रस्ते मात्र चढाचे, आणि दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेले. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून आम्ही वर टॅक्सीने गेलो आणि रमतगमत उतरलो. पकड असलेले बूट न्याच.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी आल्या आल्या छोट्या बशीत काळंभोर काहीतरी, एक चमचा आणि पाण्याचा पेला आणून ठेवला. ग्लिको. कोवळे, हिरवे अक्रोड साखरेच्या पाकात मुरवलेले. आईने चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "अगं, हा तर मोरावळाच!" मग दोघी एकमेकींची भाषा न कळता अर्धा तास पाकाबद्दल बोलत बसल्या.

खाण्याचं एक लक्षात ठेवा. तिकडे जुन्या माणसांची मान उलटी हलते: आडवी म्हणजे हो, वर झटकली म्हणजे नाही. आईने एका दुकानात ब्युरेककडे (सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) बोट दाखवून "मिश?" म्हणजे मांस आहे का विचारलं. बाईंनी मान आडवी हलवली. आई घेणार, इतक्यात शेजारचा मुलगा "पो, पो" म्हणाला. पो म्हणजे हो, यो म्हणजे नाही. मानेवर जाऊ नका, शब्द ऐका. "पा मिश", मांसाशिवाय, एवढं पाठ करा. पालकाचा किंवा चीजचा ब्युरेक जवळपास सगळीकडे मिळतो, आणि ढोबळी मिरची, टोमॅटो, चीजची फर्गेस पावाबरोबर पोटभर होते (काही ठिकाणी त्यात मांस घालतात, विचारा).

जिरोकास्तरची छपरंसुद्धा दगडी चकत्यांची. 1985 पर्यंत देशावर हुकूमत गाजवणारा एन्व्हर होजा इथलाच, आणि लेखक इस्माइल कादरेही इथलाच. किल्ल्याखाली शीतयुद्धातला बोगदा आहे, तो बघाच. 1967 मध्ये ज्या राजवटीने धर्मावरच बंदी घातली तिची भीती तिथे अंगावर येते.

सारांदाहून क्सामिलचं निळं पाणी सगळे दाखवतात, पण एक अख्खी सकाळ बुट्रिंट या प्राचीन शहराच्या अवशेषांना द्या. ग्रीक नाट्यगृह, रोमन अवशेष, बाप्तिस्म्याची गोल जागा, सगळं झाडांच्या सावलीत. आई-बाबांना चालायलाही सोपं.

प्रवास बसने किंवा फुर्गोनने, म्हणजे आपल्या वडापसारख्या छोट्या गाडीने. भाडं रोख, लेक या तिथल्या चलनात, म्हणून सुट्टे जवळ ठेवा. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर गाड्या कमी होतात.

बाबांना बसमध्ये त्रास होत असेल तर कळवा, बेरात ते जिरोकास्तर टप्प्याला गाडी कशी ठरवली ते सांगते.