जरा बरं वाटायला लागलं की माझे वडील हृदयाच्या गोळ्या सोडतात. फार्मासिस्ट यात काही मदत करू शकतो का?

हो, पुष्कळ करू शकतो. मी स्वतः फार्मासिस्ट आहे, म्हणून अनुभवावरून लिहिते.

आधी तातडीचं. वडिलांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून पाच महिने झालेत आणि गोळ्या ते एक दिवसाआड घेतात, असं तुम्ही लिहिलंय. स्टेंटनंतरची, रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करायची नसते. स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. हृदयाचे ठोके हळू करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तरी छातीत दुखणं बळावू शकतं. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. आणि चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन एकदम देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. "गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात, म्हणून मी तसं विचारणंच सोडलं. "चुकतात हो सगळ्यांच्याच, गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?" असं विचारते, मग माणूस मोकळा होतो. एका आजोबांनी औषधांची पिशवीच माझ्यासमोर ओतली होती. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, आणि ते दोन्ही घेत होते! लघवीच्या गोळीची पट्टी मात्र जवळजवळ भरलेली. का, तर सकाळी ती घेऊन बाहेर पडलं की वाटेत पंचाईत होते. वेळ बदलता येईल हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी डॉक्टरांशी बोलले, गोळी दुपारी घरी परतल्यावर घ्यायची ठरली. पुढच्या महिन्यात आजोबा रिकामी पट्टी दाखवायला आले.

गोळी सोडण्यामागे बहुतेक वेळा असं काहीतरी साधं कारण असतं. रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो. त्यावर खोकल्याचं औषध घेत बसण्यापेक्षा डॉक्टर गोळीच बदलून देऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतं असं वाटलं तर तेही सांगावं. खर्च झेपत नसेल तर जेनेरिकचा पर्याय विचारावा, त्यात संकोच कसला?

मात्र एकदा समजावून भागत नाही. 2006 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज किमान चार औषधं घेणारे, 65 आणि त्यापुढच्या वयाचे 200 लोक त्यात होते. फार्मासिस्टने त्यांना औषधं समजावली, वेळेनुसार गोळ्या पॅक करून दिल्या, नियमित विचारपूस केली. सहा महिन्यांत गोळ्या घेण्याचं प्रमाण 61 टक्क्यांवरून 97 वर गेलं. मग निम्म्या लोकांची ही मदत थांबवली, तर त्यांचं प्रमाण 69 वर घसरलं. बाकीच्यांचं 96 टक्के टिकलं. मला हा घसरलेला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हणून दर वेळी वेगळ्या दुकानातून औषधं घेऊ नका, एकच फार्मासिस्ट धरा. सगळ्या गोळ्या महिन्याच्या एकाच तारखेला मिळतील असं बघायला सांगा, म्हणजे मधेच एखादी संपत नाही. घरातली सगळी पाकिटं, जुनीसुद्धा, एकदा त्याच्यासमोर मांडा. गर्दी नसेल अशा वेळी वडिलांना सोबत न्या, आणि गोळ्या का सोडल्या ते त्यांनाच सांगू द्या.